ईसीजीच्या खोलीत कोण उभं राहणार?

टेंभी नाक्याजवळ ठाणे जिल्हा रुग्णालयाच्या जागेवर ९०० खाटांचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभं राहतंय. राबोडी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, मुंब्रा लोकलने दोन स्टेशनं. आपल्या वस्त्यांत त्याची चर्चा होते ती एवढीच, की इलाज मोफत मिळेल का. मला दुसरा प्रश्न पडतो. अशा रुग्णालयांत ईसीजी, टूडी इको, कॅथलॅबच्या मशीनपाशी उभं कोण राहणार?

बारावी सायन्सनंतर आपल्या घरांत दोनच दरवाजे माहीत असतात, डॉक्टर नाहीतर इंजिनियर. मी दुसऱ्यातून बाहेर पडलो. नीटला मार्क कमी पडले की मुलगा कुठेतरी बीएस्सीला नाव टाकतो किंवा मामूच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. मधला दरवाजा आहे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीचा, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीचा. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. त्यात कार्डिओलॉजी टेक्निशियन आणि कॅथलॅब टेक्निशियन या शाखा आहेत. अमेरिकेत हेच काम घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांत शिकता येतं.

हे बटण दाबण्याचं काम नव्हे. बारा लीडच्या ईसीजीला दहा इलेक्ट्रोड लागतात. छातीवरच्या सहांपैकी पहिले दोन चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधल्या फटीत बसायला हवेत. ते वर सरकले तर निरोगी माणसाच्या कागदावरही जुन्या झटक्यासारखी खूण उमटू शकते. मशीनमधलं सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, हाती येईल तेच ते वाचणार. माझा धंदाच तो आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आणि आपल्या अम्मी, खाला, फुफू? ईसीजी काढायला पुरुष आहे म्हटल्यावर ‘गॅस असेल’ म्हणत घरी परतणारी बाई कुठल्याही मोहल्ल्यात सापडेल. जिवाचा प्रश्न असेल तर परपुरुषाने तपासायला हरकत नाही, हे आलिम सांगतातच. पण लाज फतव्याने जात नाही. खोलीत आपलीच एखादी पदवीधर मुलगी असेल तर ती बाई दहा मिनिटांत झोपून मोकळी होईल. झटक्यात ती दहा मिनिटं फार मोठी असतात.

मात्र सहा महिन्यांत ‘पॅरामेडिकल’चं सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासच्या बोर्डांना भुलू नका. २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट आहे. हा कायदा अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तास आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तास शिक्षण मागतो. सहा महिन्यांत हे बसत नाही. आखातात जायचं असेल तर तिथली आरोग्य खाती पदवीची पडताळणी थेट देणाऱ्या संस्थेकडून करून घेतात. फ्रेम केलेला कागद तिथे चालत नाही. फी भरण्याआधी कॉलेजचं नाव विद्यापीठाच्या यादीत स्वतः शोधा.

पैशांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज निघतात. आपल्या संघटना दहावी-बारावीच्या निकालानंतर शाल, ट्रॉफी आणि भाषणं देतात. यंदा त्याच मंडपात एक टेबल टाकू या, एक लॅपटॉप ठेवू या आणि मुलांचे फॉर्म तिथेच भरून देऊ या. पदवीला चार वर्षं लागतात. आज अकरावीत जीवशास्त्र घेतलेल्या मुलीचं नाव आत्ताच लिहून घ्यायला हवं.