विश्लेषण : बंदी असूनही समुद्रात एलईडीचा झगमगाट का?

अमावास्येच्या आसपासच्या रात्री कोकण किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिले, तर कधी कधी क्षितिजावर एखादे गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या नौकांचा तो उजेड असतो. अशा मासेमारीला बंदी आहे, दंडही मोठा आहे. तरीही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. असे का?

एलईडी मासेमारी म्हणजे काय?

उजेडाकडे आधी सूक्ष्म प्लवंग जमतात, त्यामागे लहान मासे आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. बंगडा, तारली, म्हाकूल यांसारखी मासळी उजेडाकडे लवकर ओढली जाते. नौकेवरील जनरेटरवर दिवे पेटवून थवा जमवला जातो आणि मग त्याला पर्ससीन जाळ्याचा वेढा घातला जातो. चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी होतो, म्हणून अंधाऱ्या रात्री निवडल्या जातात.

दिवे पाण्याखाली का सोडतात?

पाण्यावर टांगलेल्या दिव्याचा बराच उजेड पृष्ठभागावरून परावर्तित होतो. पाण्यात सोडलेला दिवा कमी विजेत जास्त काम करतो. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, तर निळा-हिरवा खोलवर पोहोचतो. पूर्वी मोठ्या दिव्यांसाठी मोठा जनरेटर आणि भरपूर डिझेल लागे. एलईडीने हा खर्च खाली आणला. त्यामुळे जी पद्धत मोजक्यांना परवडायची, ती अनेकांच्या आवाक्यात आली.

कायदा काय सांगतो?

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार चालतो. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्या क्षेत्रात कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांतही ती कायम आहे. महाराष्ट्राने 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 मध्ये सुधारणा करून एलईडी मासेमारीसाठी 5 लाख ते 20 लाख रुपये दंड ठेवला. प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिला.

मग कारवाई का अडते?

पहिली अडचण पुराव्याची. दिवे एका नौकेवर आणि जाळे दुसऱ्या नौकेवर असेल, तर दिव्याच्या नौकेवर मासळी सापडत नाही आणि जाळ्याच्या नौकेवर दिवा सापडत नाही. दुसरी अडचण अंतराची. गस्तीनौका दिसताच दिवे बंद करता येतात आणि 12 मैलांची रेषा ओलांडली की अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. जानेवारी 2025 पासून राज्याने ड्रोनने टेहळणी सुरू केली आहे. चित्रीकरणामुळे पुरावा मिळतो, पण नौका धरायला अखेर गस्तीनौका आणि मनुष्यबळच लागते.

पारंपरिक मच्छीमारांचा आक्षेप काय?

रापणीला मासळी किनाऱ्याजवळ यावी लागते आणि छोट्या गिलनेट नौकाही फार दूर जाऊ शकत नाहीत. थवा बाहेरच अडवून उचलला, तर त्यांच्या जाळ्यात काही उरत नाही. उजेडाला लहान-मोठी मासळी एकत्रच येते. पिल्लेही उपसली गेली, तर पुढच्या हंगामाची मासळी आजच संपते. रापणीच्या उत्पन्नावर एकट्या मालकाचे घर चालत नाही. ओढायला आलेल्या प्रत्येकाचा त्यात वाटा असतो.

दिवा वापरणाऱ्यांचे म्हणणे काय?

मासळी शोधत फिरण्यात डिझेल जाते, दिव्यामुळे ते वाचते आणि आपण थांबलो तरी परराज्यातील नौका तीच मासळी नेतील, असा त्यांचा युक्तिवाद असतो. जपानचे उदाहरणही दिले जाते. तिथे म्हाकुलासाठी दिवे वापरतात हे खरे, पण पकड मुख्यतः गळांच्या दोरीने होते. अख्ख्या थव्याला वेढा घालण्यापेक्षा ती पद्धत वेगळी आहे. धोका दिवा आणि पर्ससीन यांच्या जोडीत आहे.

नौकेवर कोणते दिवे चालतात?

डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा हे दिवे टक्कर टाळण्यासाठी हवेतच. काम करताना ट्रॉलरने पांढऱ्यावर हिरवा आणि इतर मासेमारी नौकांनी पांढऱ्यावर तांबडा दिवा लावायचा असतो. यातला कोणताही दिवा मासळी जमवण्यासाठी नसतो.

उपाय कुठे आहे?

स्वस्त दिवा जप्त केल्याने मालकाचे फारसे बिघडत नाही, तो दुसरा आणतो. मात्र नौकेचा परवाना आणि डिझेल परतावा सहज बदलून मिळत नाही, आणि या दोन्ही नाड्या शासनाच्या हातात आहेत. भर समुद्रात दिवा शोधण्यापेक्षा नौका बंदरात असतानाच मोठा जनरेटर आणि दिव्यांचा संच तपासणे सोपे आहे. पर्ससीनला राज्यात 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढाच काळ परवानगी आहे. म्हणजे जानेवारीनंतरच्या अंधाऱ्या रात्री कुठे लक्ष ठेवायचे, हे पंचांग पाहूनही ठरवता येईल.