शतावरी द्या, गप्प बसवा

"पाळी जायची वेळ झालीय, शतावरी घे." आमच्या वर्ध्यात चाळिशी उलटलेल्या बाईला हा सल्ला कोणीही देतं. झोप नाही, छातीत धडधड, उगाच रडू येतं, जगण्यातच रस नाही... सगळ्यावर एकच डबा! माझं शतावरीशी भांडण नाही. तिचं ऐकून घेणं टाळायला डबा पुढे करणाऱ्यांशी आहे. धडधड थायरॉईडनेही होते, थकवा रक्त कमी असल्यानेही येतो. तपासलं कोणी? आणि झाडपाल्याने अपाय होत नाही म्हणे! अश्वगंधा थायरॉईडच्या गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करू शकते, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

वर ऐकवायचं, "बापूंच्या सेवाग्रामजवळ राहून गोळ्या कसल्या खायच्या?" अहो, निसर्गोपचाराचा एवढा आग्रह धरणाऱ्या बापूंनीही १९२४ साली पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं होतं. आणि त्याच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट. पण हिला नेणार कोण? सासऱ्यांचा गुडघा दुखला की त्याच दवाखान्यासाठी लगेच गाडी निघते ना?