जुन्या हिशेबाच्या चकत्या वाचणार कोण?

आम्ही कापड व्यापाऱ्यांनी एकेकाळी वर्षअखेरीचे हिशेब सीडी-डीव्हीडीवर उतरवून तिजोरीत जपले. आज नव्या संगणकात त्या वाचणारा ड्राइव्ह बहुधा नसतोच. कुलूप आहे, किल्ली नाही, अशी आमची गत!

जीएसटी कायदा हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगतो. पण भागीदारीचा किंवा वाटणीचा प्रश्न निघाला, तर त्याहून जुना आकडा लागतो. म्हणून आमचे मत असे, की डीव्हीडी ड्राइव्ह आणून दुकानातच बसवावा. त्यासाठी हिशेबाचा संगणक चार दिवस परक्याच्या हाती देऊ नये.

खरेदीपूर्वी कॅबिनेटला सव्वापाच इंची खण आहे ना, ते पाहावे. ड्राइव्ह साटा पद्धतीचाच घ्यावा. जुन्या आयडीईची ४० पिनांची पट्टी नव्या मदरबोर्डला बसत नाही. संगणक बंद करून वीजेची तार काढावी. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. बाजूचा पत्रा व खणाचे झाकण काढून ड्राइव्ह पुढून सरकवावा, स्क्रू आवळावेत. जोडण्या दोनच: ७ पिनांची अरुंद केबल मदरबोर्डला, १५ पिनांची रुंद केबल वीजपुरवठ्याची. खाचेमुळे ती उलटी बसत नाही. जोर मात्र करू नये.

मग पहिले काम एकच. सर्व चकत्यांची नक्कल हार्ड डिस्कवर घ्यावी, दुसरी प्रत घरी ठेवावी. चकत्याही कायमच्या टिकत नाहीत. बोटांनी कापडाचा पोत ओळखणाऱ्या आम्हांला चार स्क्रूंचा हुनर जड नाही.