शहाळं पाजलं, तरी भाऊ मलूलच!

बालमित्रांनो, या आठवड्याच्या टपालात चांदूर रेल्वेहून एक पत्र आलंय. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत बरं का. एक चांदूर बाजार, आणि दुसरं हे, बडनेरा आणि धामणगावच्या मधलं, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं. स्टेशन आहे म्हणून गावाच्या नावातच रेल्वे! पत्र लिहिणारी मुलगी सातवीत आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून नाव नाही सांगत. पत्र मात्र वाचून दाखवते.

‘‘काकू, आमच्याकडे सावंगा विठोबाची यात्रा झाली की ऊन तापायला लागतं. मे महिन्यात तर दुपारी घराबाहेर पाय ठेववत नाही. मागच्या मे महिन्यात माझ्या लहान भावाला जुलाब लागले. तो चार वर्षांचा आहे. आजी म्हणाली, ‘लेकराले नारळपाणी पाजा, दुसरं काही देऊ नोका.’ बाबांनी ६० रुपयांना एक, असे दोन दिवसांत पाच पाण्याचे नारळ आणले. तरी भाऊ मलूलच. त्याचे डोळे आत गेले, लघवी होईना. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाकिटातली पांढरी पूड पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं पाजायला लावली. संध्याकाळी तो उठून बसला. आजी तेव्हापासून गप्प गप्प असते. काकू, नारळपाण्यात एवढी ताकद असते म्हणतात, मग असं का झालं? आणि माझी मैत्रीण म्हणते, नारळाचं दूध गाईच्या दुधापेक्षा चांगलं. ते खरं का? आमच्याकडे तर नारळाचं झाडच नाही.’’

पत्र वाचून मी आधी आजींचाच विचार केला. पण त्यांच्याकडे नंतर येऊ. आधी एक छोटासा प्रयोग करा, म्हणजे दोन्ही प्रश्नांची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

वहीचा एक कोरा कागद घ्या. त्यावर एका बाजूला नारळाच्या पाण्याचा थेंब टाका. दुसऱ्या बाजूला वाळलेल्या खोबऱ्याचा तुकडा चांगला घासा. आता कागद सावलीत तासभर ठेवून द्या आणि मग उजेडासमोर धरा. पाण्याचा थेंब वाळून गेलेला असेल, कागद थोडा सुरकुतला असेल, बस्स. खोबरं घासलं तिथं मात्र तेलकट, आरपार दिसणारा डाग! तो कितीही वेळ ठेवला तरी जाणार नाही. एकाच नारळातल्या दोन वस्तू, पण एक पाणी आणि एक तेल. इतका त्यांच्यात फरक.

नारळ म्हणजे एक मोठं बी. आतल्या कोंबाला रुजेपर्यंत पुरावी म्हणून झाडानं बांधून दिलेली शिदोरीच ती! सुरुवातीला ही शिदोरी नुसती पातळ असते. नारळ सहा-सात महिन्यांचा झाला की पाणी भरपूर आणि गोड असतं. तेच शहाळं. मग हळूहळू करवंटीच्या आतल्या बाजूला मऊ मलई धरू लागते, ती जाड होत जाते आणि ११-१२ महिन्यांत पक्कं खोबरं तयार होतं. पाणी तोवर कमी झालेलं असतं. म्हणून शहाळ्याला मलई पातळ आणि पूजेच्या नारळात पाणी थोडं.

आता भावाचं काय झालं ते पाहू.

शहाळ्याच्या पाण्यात १०० भागांत सुमारे ९५ भाग नुसतं पाणीच असतं. थोडी साखर, भरपूर पोटॅशियम आणि थोडंसं सोडियम. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला मुख्य भाग. जुलाब होतात तेव्हा शरीरातून पाण्याबरोबर हे सोडियम भराभर निघून जातं. ते परत भरायला हवं. शहाळ्यात ते कमी असतं, आणि प्रत्येक नारळात सारखंही नसतं. डॉक्टरांच्या पांढऱ्या पुडीत मात्र ते नेमकं मोजून घातलेलं असतं. तीच ओआरएस, आपण जिला जलसंजीवनी म्हणतो. तिच्या एक लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. शिवाय दोन क्षार आणखी.

मिठाबरोबर ग्लुकोज कशाला, चवीला? छे! आपल्या आतड्याच्या आतल्या भिंतीला जणू लहान लहान दारं आहेत. त्यांतल्या एका प्रकारच्या दारातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात. ती जोडी आत गेली की तिच्यामागोमाग पाणी आत ओढलं जातं. जुलाब चालू असतानासुद्धा हे दार उघडं असतं, हीच तर गंमत. नुसतं पाणी पाजलं तर ते दार नीट वापरलंच जात नाही.

ही गोष्ट किती मोठी आहे ते १९७१ साली दिसलं. बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. त्यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून मोठमोठ्या पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पेले भरा आणि पाजत राहा. आधी शंभरातले तीसेक रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. बंगाल हा नारळाचा मुलूख. पण तिथंही जीव वाचले ते या मीठ-साखरेच्या पाण्यानं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तर मग आजी चुकल्या का? एकाच गोष्टीत. शहाळं पाजायला काहीच हरकत नव्हती, ते चालतं. चूक झाली ती ‘दुसरं काही देऊ नोका’ इथं. जुलाबात ओआरएस आधी, शहाळं जोडीला. आणि जेवण तोडायचं नाही. मऊ भात, वरणाचं पाणी, मीठ घातलेलं ताक, केळं, जे लेकराच्या पोटात ठरेल ते थोडं थोडं द्यायचं. डॉक्टर लहान मुलांना १४ दिवस झिंकच्या गोळ्याही देतात. जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करायच्या.

पाकीट कालवतानाही अक्कल लागते हं! पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घ्यायचं. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते खारट विष होईल. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. चमचा सपाट म्हणजे सपाट, शीग लावायची नाही. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल पेंगुळलं, काहीच पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा.

आणि दुकानात जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. रंगीत खोक्यांतून ‘ओआरएस’ नाव लावलेली गोड सरबतं अनेक वर्षं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सरबतांना ते नाव लावायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलंय का, ते वाचून घ्यायचं.

आता राहिलं रोजचं ऊन. तुम्ही दुपारी शाळेतून किंवा मैदानावरून घामाघूम होऊन येता, तेव्हा शहाळं मिळालं तर जरूर प्या. रंग नाही, वरून घातलेली साखर नाही. पेलाभर प्यालात तर जेमतेम ४० कॅलरी. त्याच पेल्यात बाटलीतलं थंड पेय घेतलंत तर साखरेचे चार-पाच चमचे पोटात जातील. फक्त घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं घेऊ नये. त्यातलं पोटॅशियम त्यांना झेपत नाही.

पण ६० रुपये रोज कुठून आणायचे? चांदूरच्या हवेत नारळ चांगला येत नाही. त्याला समुद्रकाठची दमट हवा लागते, आणि वऱ्हाडात उन्हाळ्यात कोरडा फुफाटा! इथं येणारी शहाळी बहुतेक दक्षिणेकडून, शेकडो मैलांचा प्रवास करून येतात. भाड्याचे पैसे तुम्हीच देता. म्हणून शहाळ्यात जे आहे ते आपल्या घरात कुठं आहे ते शोधू या. पेलाभर शहाळ्यात जेवढं पोटॅशियम, जवळपास तेवढं एका मध्यम केळ्यात. आपली वऱ्हाडची संत्रीही त्यात मागे नाहीत, पण ती ऐन मे महिन्यात कमी मिळतात. मीठ हवं तर मठ्ठा आहे, आंबील आहे, कैरीचं पन्हं आहे. टरबुजाच्या फोडीत तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. एक केळं आणि पेलाभर खारा मठ्ठा घेतलात की त्या दिवशी शहाळं नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. मला विचाराल तर मठ्ठाच जास्त आवडतो.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र मला अजिबात पटलं नाही. नारळाचं दूध हे नावाचंच दूध! ओलं खोबरं किसून, गरम पाणी घालून वाटायचं आणि फडक्यातून पिळायचं. पहिलं दाट, दुसऱ्यांदा पाणी घालून निघतं ते पातळ. कागदावरचा तेलकट डाग आठवतो ना? तेच तेल पाण्यात बारीक कणांनी विखुरलं की पांढरं दिसतं. १०० ग्रॅम दाट दुधात २०-२५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि सव्वादोनशेच्या वर कॅलरी. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नारळाच्या दुधात त्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. वाढत्या हाडांना कोणतं हवं ते तुम्हीच सांगा. दूध पचत नसेल त्यांनी डॉक्टरांना विचारून दही-ताक, नाचणी, तीळ यांचा विचार करावा. नारळाच्या दुधावर भिस्त ठेवू नये.

म्हणून ते वाईट म्हणायचं? मुळीच नाही. कोकणात शतकानुशतकं ते खातात, पण कसं? भाताबरोबर वाटीभर सोलकढी, नारळी पौर्णिमेला नारळीभात. पेलेच्या पेले कुणी दाट दूध पीत नाही. वऱ्हाडातही खोबरं आहेच की, पाटवडीच्या रश्शात खसखशीबरोबर भाजून वाटलेलं. तिकडे ओलं, इकडे सुकं, एवढाच फरक.

आता चांदूरच्या आपल्या मैत्रिणीसाठी. पुढच्या वेळी घरात पूजेचा नारळ फुटेल ना, तेव्हा त्यातला अर्धा मागून घे. आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाल. किराणा दुकानात मिळतात. अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, एक हिरवी मिरची, लसणाची एक पाकळी आणि थोडं जिरं कोमट पाण्यात वाटून पिळून घे. त्यात आमसुलाचं गुलाबी पाणी आणि मीठ घाल. वर कोथिंबीर. गॅसवर मुळीच ठेवायची नाही, तापवली की फाटते. चौघांना वाटी-वाटी पुरते. उरलेला चोथा फेकू नकोस, चटणीत किंवा थालीपिठात घाल.

ती पहिली वाटी आजीला नेऊन दे. आणि शेजारी बसून तिला विचार, तिच्या लहानपणी जुलाब झाले की तिची आई काय देत असे. तिनं जे सांगितलं होतं ते तिला कुणीतरी प्रेमानंच शिकवलं असणार. मग ओआरएसचं एक पाकीट तिच्या हातात दे आणि एक लिटर पाणी मोजून तिलाच कालवायला लाव. पुढच्या मे महिन्यात ती तुमच्या घरची डॉक्टर व्हायला हवी.

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या एका मुलाचं पत्र. तो विचारतोय, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही हे खरं का? तोवर तुमचे तेलकट डागांचे कागद पाठवायला विसरू नका. शेंगदाणे, तीळ आणि जवससुद्धा घासून बघा, आणि कुणाचा डाग सर्वांत मोठा ते कागदावरच लिहा.