मूठ सैल करणारे कार्ड



माल विकून नोटांची गड्डी घरी आणायची, देवापुढे ठेवायची आणि मग एकेक नोट मोजून बाहेर काढायची, ही आपली जुनी रीत. दहा हजार देताना हात अडखळायचा. गड्डी बारीक झालेली डोळ्यांना दिसायची. ते दिसणे हाच आपला बिनपगारी हिशेबनीस होता. कार्डाने त्याला घरी बसवले आहे.

शहरातले शहाणे लगेच म्हणतील, शेतकरी मुळातच उधळ्या! त्यांना आमचे उत्तर अमेरिकेतून. प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी एमआयटी या नामांकित संस्थेतल्या, व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला. काहींना सांगितले, पैसे रोख द्या. काहींना सांगितले, क्रेडिट कार्डाने द्या. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. 2001 साली हे छापून आले. व्यवस्थापन शिकणाऱ्यांची ही गत, तर दोष अडाणीपणाचा कसा? वस्तू आज हातात आणि पैसे जाताना दिसत नाहीत, अशी सोय झाली की कोणाचीही मूठ सुटते.

आता आपल्या घरात या. किसान क्रेडिट कार्ड 1998 मध्ये आले. 2012 च्या सुधारणेनंतर ते एटीएममध्ये चालणारे झाले. ते फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. कृषी केंद्राच्या उधारीत काय होते ते आपण सोसले आहे. उधारीचा भाव वेगळा, रोखीचा वेगळा. तो देईल ते बियाणे, तो सांगेल ते औषध. बँकेचा पैसा हाती असला की दुकानदारासमोर ताठ मानेने घासाघीस करता येते. ही लहान गोष्ट नव्हे.

पण मशीनवर जो आकडा दिसतो, ती आपली कमाई नाही. अजून न निघालेल्या पिकावरची ती उचल आहे. कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी पीककर्जाच्या 10 टक्के रक्कम धरलेली असते. तेवढी खुशाल वापरा. त्यापुढे खताच्या पैशात मोबाइल आला, फवारणीच्या पैशात कपाट आले, की ऐन हंगामात पुन्हा उधारीच्या दारात उभे राहावे लागते.

फेडीची तारीख तर त्याहून निष्ठुर. वेळेवर फेडले तर केंद्राच्या सवलतीने व्याज 4 टक्के पडते. तारीख चुकली की सवलत गेली. मग मार्चअखेर ‘नवंजुनं’ करायला चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलायचे, बँकेत भरायचे, पुन्हा काढून सावकाराला द्यायचे. ज्याच्या तावडीतून कार्डाने सोडवले, त्याच्याच ओट्यावर कार्ड नेऊन बसवते.

हिशेब कितीही चोख ठेवला तरी रास्त भावावाचून शेतीची तूट भरून निघत नाही, हे आम्ही जाणतो. ती लढाई चालूच राहील. पण व्यवस्थेने पाडलेल्या खड्ड्यात आपल्या हाताने आणखी एक खड्डा का खणावा?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक घरात खुंटीला एक वही टांगा. कार्डाने वा मोबाइलने दिलेली रक्कम त्याच दिवशी लिहा आणि खाली किती कर्ज झाले तो आकडा मांडा. दोन, वही घरच्या लक्ष्मीच्या हाती द्या. पेरणीच्या पैशाला हात लावण्याआधी तिची संमती घ्या. तीन, दुकानात आधी रोखीचा भाव विचारा, पक्के बिल घ्या, मगच कार्ड पुढे करा.

कार्ड खिशात असू द्या. हिशेब मात्र डोळ्यांसमोर ठेवा.