शांघायचा बंड आणि आपले ससून

एका दिवसात शहर पाहून होते, असे प्रवासकंपन्या म्हणतात. मीही शांघाय तसेच पाहिले. सकाळी यू उद्यान. दुपारी श्याओलोंगबाव, म्हणजे मोदकासारख्या कळ्यांची, पण पोटात मांस आणि गरम रस्सा असलेली उकड. संध्याकाळी नदीकाठचा 'बंड'. हा शब्द आपल्या बंड गार्डनमधलाच, अर्थ बांध!

तिथली हिरव्या शिखराची इमारत व्हिक्टर ससून यांनी १९२९ मध्ये पुरी केली. त्यांचे पणजोबा डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. १८६७ चे ससून रुग्णालय त्यांच्याच मोठ्या देणगीचे. या घराण्याच्या संपत्तीत चीनला विकलेल्या अफूचा मोठा वाटा होता. माळव्यात अफू पिके, मुंबईहून जहाजे निघत, चिनी घरे उद्ध्वस्त होत आणि पुण्यातला रोगी बरा होई!

म्हणून दान खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. पण दात्याचे नाव कोरले जाते, तिथे पैसा कोणत्या वाटेने आला हेही लिहिलेले असावे. पर्यटकाने खुशाल पाहावे, खुशाल खावे. मात्र 'हे कोणाच्या जिवावर उभे राहिले?' एवढे विचारावे. त्यासाठी शांघाय गाठण्याची गरज नाही. पुणे स्टेशनपर्यंत गेले तरी पुरे.