'हव मॅडम' म्हणजे काय, हे मॉडेलला कोण सांगणार?

शिक्षक घडवायला आता खरी पोरं लागणार नाहीत म्हणे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'जीपीटीच' नावाचं साधन मांडलं. नवशिक्याने चॅटवर शिकवायचं आणि विद्यार्थी बनून प्रश्न विचारणार भाषा-मॉडेल. चुकलात तर पुन्हा सुरू करा.

आपल्याला यात नवं काही नाही. सूक्ष्म अध्यापनात आपण ६ मिनिटं शिकवतो, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा ६ आणि ६. समोर बसतात आपलेच मित्र. पंचवीस वर्षांचे घोडे सातवीतले होतात आणि ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतात, कारण उद्या त्यांचा पाठ असतो. या नाटकापेक्षा सॉफ्टवेअर बरं. निदान ते मैत्री सांभाळत नाही.

पण मी चांदूर बाजारात शिकवते. इथलं पोरगं न समजल्यावर प्रश्न विचारत नाही, "हव मॅडम" म्हणतं. समजल्यावरही "हव मॅडम". फरक आवाजात असतो, नजरेत असतो, पाटीमागे लपवलेल्या वहीत असतो. मॉडेल मात्र लिहिलेल्या मजकुरावर घडतं, आणि गप्प बसलेल्या पोरांनी कुठे काय लिहून ठेवलंय? शेजारच्या मेळघाटात घरची भाषा कोरकू, मुंडा कुळातली. तिथलं मूल शाळेत गप्प का, हे चॅटच्या चौकटीत कसं दिसणार? कापूस वेचणीला गेलेला विद्यार्थी तर चॅटवर लॉग-इनच करत नाही.

मला भीती यंत्राची नाही, आपल्या कॉलेजांची आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ ला त्याचा अहवाल आला. पुढे २०१४ च्या नियमांत दोन वर्षांच्या बी.एड.साठी शाळेतल्या कामाचे २० आठवडे आले. आंतरवासितेच्या वह्या एका रात्रीत कशा भरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा संस्थाचालकाला आभासी वर्ग मिळाला तर तो काय करील? "शंभर तास सराव पूर्ण" असं प्रमाणपत्र छापील आणि शाळेची पायरीच वगळील.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आभासी विद्यार्थ्यांसोबतचा एकही तास त्या २० आठवड्यांत धरू नका. तो सूक्ष्म अध्यापनाच्या खात्यात टाका. आणि मराठीतलं असं साधन कुणी करत असेल, तर त्याने आधी दोन महिने आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसावं. सोयाबीन-कापसाच्या हंगामात या, जागा रिकामी असते.